परत घेतल्याची नोंद

"सदर नोंद आढळून येत नाही." हे वाक्य मी नोकरीत जितक्या वेळा लिहिलं, तितक्या वेळा माझं स्वतःचं नावही लिहिलं नसेल. भंडाऱ्याच्या कचेरीत मी रेकॉर्ड रूमचा नक्कल बाबू होतो. माणूस अर्ज घेऊन यायचा, आजोबाचं नाव सांगायचा, गाव सांगायचा. साल विचारलं की "मोठा पूर आल्ता ना जी, त्याच्या दुसऱ्या वर्षी" असं काहीतरी सांगायचा. मी अर्ज ठेवून घ्यायचो आणि फेऱ्या मारून तो चिडला, की हे वाक्य लिहून त्याच्या हातात द्यायचो. शोधूनही बहुधा तेच लिहावं लागे, मग न शोधताच का लिहू नये, असा माझा हिशेब होता. हे आज सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

रेकॉर्ड रूम म्हणजे इंग्रजांच्या काळातली लांबट खोली. जाड भिंती, छताजवळ खिडक्या, लोखंडी रॅक आणि रॅकवर लाल फडक्यात बांधलेले बस्ते. फडक्यांचा लाल रंग केव्हाच विटून गेलेला. बस्ता सोडला की आधी कसर पळायची, मग धूळ नाकात जायची आणि मग कुठं कागद दिसायचा. खोलीत आम्ही दोघंच. मी, आणि माझ्यावरचे मोठे बाबू. त्यांना रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरली होती. गालात पानाचा तोबरा आणि समोर रिकामं टेबल, असे ते दिवसभर बसत. मी रुजू झालो त्या दिवशीच त्यांनी मला शिकवण दिली होती. "हे पाय, 'नाही' लेहून देल्लं तं कोनाचं काई बिघडत नाई. 'आहे' लेहाचं असन तं दहादा इचार कर." मला वाटलं, आळशी माणसाची ही पळवाट आहे. आळस मलाही हवाच होता, म्हणून मी ती शिकवण आनंदानं पाळली.

लोक जास्त करून यायचे ते कोतवाल बुकासाठी. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या मध्य प्रांतात गावच्या जन्ममृत्यूची खबर गावचा कोतवाल ठाण्याला द्यायचा. कोतवालाला अक्षरओळख नसायची. तो आठवड्याला बुक काखेत मारून पायी ठाण्यावर जायचा, कोणाकडे काय झालं ते तोंडी सांगायचा आणि ठाण्यातला मुन्शी ते लिहून घ्यायचा. बाळाचं नाव त्यात नसेच, कारण बाळाचं बारसंही झालेलं नसायचं. बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. भंडारा जिल्ह्यातली त्या काळातली सगळी माणसं सरकारदरबारी अशी बिननावाची जन्मली आहेत. बापाच्या नावावरूनच त्यांना ओळखायचं.

ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. करडीकडच्या एका खेड्यातली, पन्नाशीची. हिरवं लुगडं, पायात काही नाही, हातात कापडी पिशवी. दारातल्या पोत्यावर पाय घासून घासून पुसले आणि तिथूनच विचारलं, "नक्कलवाले बाबू तुमीच काय जी?"

तिचं काम साधं होतं. बाप मरून सहा महिने झाले होते. बापाला ती एकटीच. लग्न होऊन सासरी गेली होती, पण तीन वर्षांत नवरा साप चावून गेला, पोरबाळ नव्हतं, म्हणून बापानं तिला घरी आणलं. तेव्हापासून पंचवीसेक वर्षं ती बापाच्या घरात राहिली आणि बापाच्या शेतात राबली. शेत म्हणजे बोडीखालच्या तीन बांध्या. आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात आणि मातीच्या धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, अडवलेल्या धानाच्या तुकड्याला बांधी. बोडीखालची बांधी ज्याच्याकडे आहे त्याला पाऊस हुकला तरी धान होतं. बापाच्या जागी तिचं नाव चढवायला निघालं, तर चुलतभावानं हरकत घेतली. ही माझ्या काकाची पोरगी असल्याचा कागद दाखवा, म्हणाला. पंचवीस वर्षं त्याच्या पोरांनी हिला आत्या म्हणून हाक मारली होती. कागद नसेल तर तीन बांध्या आणि राहतं घर त्याचं होणार होतं.

तहसिलीनं तिला सांगितलं होतं की जन्माची नक्कल आणा, नाहीतर नोंद मिळत नाही असा दाखला आणा. तसा दाखला असला की गावातल्या म्हाताऱ्यांच्या साक्षी घेऊन निकाल लावता येतो. ही दुसरी गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

मी तिचा अर्ज घेतला, गठ्ठ्याखाली सारला आणि म्हणालो, "पुढच्या सोमवारी या."

ती पुढच्या सोमवारी आली. त्याच्या पुढच्याही आली. सकाळच्या एसटीनं यायची, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची, दुपारी फडक्यातला भात खायची आणि शेवटच्या गाडीनं परत जायची. एकदा गाडी चिखलात फसली म्हणून ती कमरेपर्यंत भिजून आली. मी तेव्हाही पुढच्या सोमवारचंच सांगितलं. तिनं कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर चिडून का होईना, मी तिला तो दाखला तेव्हाच लिहून दिला असता आणि ती सुटली असती. पण ती "हो जी" म्हणून उठायची. गरीब माणसाच्या "हो जी"चा आम्हा बाबू लोकांना फार राग येतो, कारण त्यावर भांडता येत नाही.

दिवाळीच्या आसपास ती एकदा दारातून आत आली. आजवर कधी आत आली नव्हती. म्हणाली, "बाबू, धान कापाले आलं. भाऊ म्हन्ते, निकाल लागेवरी कोनी इळा लावाचा नाई. उभ्या धानाले पाखरं खाऊन राहिली. मले पाहवत नाई जी."

मी धान पिकवणाऱ्याच घरातला. लाखांदूरकडे आमची थोडी शेती होती. पिकून वाकलेलं धान उभं ठेवायचं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी मी पहिल्यांदा खुर्चीवरून उठलो, शिडी लावली आणि तिच्या गावचा बस्ता खाली काढला.

दोन दिवस शोधलं. तिच्या वयाचा अंदाज धरून मागची-पुढची पाच-सहा वर्षं पानापानानं पाहिली. तिच्या बापाचं नाव सापडलं. एकदा नाही, तीनदा सापडलं. मुलगा झाला. मृत्यूच्या पानावर, नऊ दिवसांचा मुलगा मेला. पुढच्या वर्षी मुलगी झाली. दीड महिन्याची मेली. मग पुन्हा मुलगा, तोही पावसाळ्यात गेला. ते सगळं एकाच मुन्शीच्या वळणदार हातानं लिहिलेलं होतं. त्यानंतर त्या माणसाचं नाव बुकात पुन्हा आलंच नाही. तीन पोरं होऊन मेली, आणि जी माझ्या व्हरांड्यात बसली होती ती कधी जन्मलीच नव्हती.

मी घरी गेलो तो हाच विचार घेऊन. भंडाऱ्यात मी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या आणि माझी आई माझ्याजवळ राहायची. जेवताना तिला हे सांगितलं. कचेरीतलं मी एरवी घरी काही सांगत नसे. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"तीन गेले?" ती म्हणाली. "मंग चौथी इकली असन."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडे ज्या बाईची पोरं जगत नाहीत ती नवं पोर झाल्याझाल्या विकून टाकते. सुपात कोंडा टाकायचा, त्यावर बाळ ठेवायचं आणि शेजारच्या भरल्या घरच्या बाईला द्यायचं. ती बाई पायलीभर कोंडा मोजून देते आणि बाळ आपलं म्हणून घेते. मग ते तिच्याकडून पाजायला म्हणून आणायचं. मरण त्या घरी पोर शोधत आलं तर त्याला पोर सापडू नये म्हणून. अशा पोरांची नावंही तशीच ठेवतात, फेकलेलं, विकलेलं, कोणाला नको असलेलं. त्या बाईचं नावही तसंच होतं. मी ते अर्जावर पन्नासदा वाचलं होतं. आणि मी स्वतः विकलेलाच होतो. माझ्या आधी दोन गेले होते. विकल्याची खूण म्हणून त्याच वेळी पाडलेलं भोक माझ्या उजव्या कानाला आजही आहे. एवढं असून मला सुचलं नाही, कारण मी त्या बाईचं म्हणणं कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं.

"पण कोतवालाला तर खरं सांगितलं असेल ना?" मी आईला विचारलं. "ते सरकारी बुक आहे."

आई माझ्यावर खेकसली. "कोतवालाले खरं सांगाचं होतं तं मंग इकलं कायले? सरकारी बुकात लेहून ठेवलं तं यमाले वाचता येत नाई काय?"

पुढच्या सोमवारी ती आल्याबरोबर मी तिला विचारलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. "हो जी, मले इकलं होतं. भितीले भित लागून घर होतं त्याइचं. थे तं साऱ्या गावाले मालूम आहे. तुमी इचारलंच नाई." तिनं त्या घरच्या धन्याचं नाव सांगितलं. ती माणसं कधीच रायपूरकडे मजुरीला गेली होती, तिकडेच मेली. दहा मिनिटांत मला नोंद सापडली. त्या घरधन्याच्या नावापुढे तारीख, आणि 'मुलगी'. गावच्या कोतवालानं गावाच्या बाजूनं राहून ठाण्यात जाऊन तेच सांगितलं होतं. तो त्या गावचाच होता, त्यालाही ती पोर जगायला हवी होती.

मला झालेला आनंद आता आठवला की अंगावर काटा येतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी खरोखर शोधून काढलं होतं. मोठ्या बाबूंनी बुक पाहिलं, पानाचा तोबरा या गालातून त्या गालात नेला आणि म्हणाले, "नको लेहू. बापाच्या नावानं नोंद भेटत नाई, एवढाच दाखला दे अन् मोकळा हो."

"पण नोंद आहे ना!" मी म्हणालो. "खरी आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाले माहीत आहे, कागदाले माहीत नाई."

मी ऐकलं नाही. मला वाटलं, म्हातारा जन्मभर बसून खाल्लेला, त्याला कामाचा कंटाळा. मी सुंदर अक्षरात नक्कल काढली, खाली 'अस्सलबरहुकूम' लिहिलं, सही केली, गोल शिक्का मारला आणि बाईच्या हातात दिली. वर तिला सांगितलंसुद्धा, "हा कागद आजच तहसिलीत लावा. आता तुमचं काम झालं." तिनं कागद कपाळाला लावला. मला नमस्कार करायला वाकली तेव्हा मी मागे सरलो नाही. घ्यायचा तो नमस्कार मी घेतला.

तहसील कचेरी आमच्याच आवारात होती. सुनावणीला अस्सल बुक घेऊन मला बोलावलं. साहेब तरुण होते, देशावरून नुकतेच बदलून आलेले. वाईट माणूस नव्हते. उलट फार नेटके. चुलतभाऊ वकील घेऊन एका बाजूला उभा, बाई आपली पिशवी घेऊन दुसऱ्या बाजूला. तिच्याकडून गावातले चार म्हातारे साक्षीला आले होते. धुतलेली धोतरं नेसून, सकाळच्या गाडीनं.

वकिलानं नक्कल साहेबांपुढे ठेवली आणि एवढंच म्हणाला, की हा कागद आमचा नाही, बाईंनीच दाखल केला आहे. त्यात बाप कोण लिहिलाय ते पाहावं.

साहेबांनी पाहिलं. मग पहिल्या म्हाताऱ्याला विचारलं, "ही मुलगी जन्मल्यावर दुसऱ्याला देऊन टाकली होती, हे खरं आहे का?"

म्हातारा आनंदला. त्याला वाटलं, साहेबांना सगळं समजलं. "हो साब, माया डोऱ्यासमोर. सुपात ठेवून इकली. पायलीभर कोंडा मोजून देल्ला त्याइनं."

"विकली?" साहेबांनी मान वर केली.

"इकली ना साब! मंग! म्हनून तं जगली."

दुसऱ्यानंही तेच सांगितलं. तिसऱ्यानं कोंड्याची पायली कोणाची होती तेही सांगितलं. एकानंही खोटं सांगितलं नाही. खरं सांगावं तितका तिचा पाय खोल जात होता, आणि ते चौघंही काम फत्ते झाल्यासारखे एकमेकांकडे पाहत होते. साहेब लिहीत होते. लिहिताना त्यांनी 'दत्तक' शब्द वापरला, तो मला उलटा वाचता आला. दुसऱ्याच्या घरी गेलेल्या मुलीचा जन्मदात्याच्या जमिनीत वाटा नाही, हे सांगायला वकिलाला तोंडही उघडावं लागलं नाही.

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "पन मले वापस घेतलं होतं जी. माया लग्नाच्या आंधी. हळदीच्या दिवशी बाबानं त्याइचा कोंडा वापस नेऊन देल्ला अन् मले हाताले धरून घरी आनलं."

"त्याची नोंद कुठं आहे?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

मी बुक छातीशी धरून उभा होतो. मी म्हणालो, "साहेब, इकडे तशी रीत आहे. ते खरोखरचं देणं नसतं..."

"तुम्ही रेकॉर्डचे ना? मग रेकॉर्डचं बोला. ही नोंद अस्सल आहे का?"

"आहे साहेब."

"ही सही तुमचीच?"

"माझीच."

"ठीक आहे. बसा."

मला एवढंच करायचं होतं. मान डावीकडे वळवायची आणि म्हणायचं, साहेब, हा माझा उजवा कान पाहा, मीही विकलेला आहे आणि माझ्या बापाचा सातबारा माझ्या नावावर आहे, कोणी हरकत घेतली नाही. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण मी पँट-बुशशर्ट घालणारा, खुर्चीवर बसणारा माणूस. कोंड्यावर विकला गेलो हे त्या साहेबांपुढे सांगायची मला लाज वाटली. मी बसलो.

निकाल दोन महिन्यांनी लागला. 'अर्जदार हिने स्वतः दाखल केलेल्या दस्तऐवजावरूनच' असं त्यात वाक्य होतं. तीन बांध्या आणि घर चुलतभावाच्या नावावर चढलं. वर अपील करा, असं कोणीतरी तिला सांगितलं. अपिलाला तोच कागद जाणार होता, माझ्या अक्षरातला. आळसानं तिला काही महिने फेऱ्या मारायला लावल्या, पण तिचं घर घेतलं ते माझ्या कष्टानं. मोठ्या बाबूंनी त्या दिवशी मला आपल्या डब्यातलं पान दिलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला वाटलं, आता ती येणार नाही. आली तर शिव्या द्यायलाच येईल. निकालानंतरच्या सोमवारी ती आली. पोत्यावर पाय पुसले आणि दारातच उभी राहिली.

"बाबू, तहसिलीचे साब म्हन्ले, वापस घेतल्याची नोंद आना. तुमी हुडकलं तं पयली भेटलीच ना. आता हेबी हुडकून द्या."

तिचा माझ्यावर राग नव्हता. ज्यानं पहिली नोंद काढून दिली तो दुसरीही काढून देईल, असा तिचा साधा हिशेब होता. हळदीच्या दिवशीचा परत दिलेला कोंडा कोणत्या बुकात लिहितात, हे मी तिला कसं सांगणार? माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पुढच्या सोमवारी या."

मग ती सारा उन्हाळा येत राहिली. या वेळी मी खरंच बस्ते सोडत होतो. काही मिळणार नाही हे माहीत असून पानं उलटत होतो, कारण ती व्हरांड्यातून पाहायची आणि रिकाम्या हातानं मला तिच्यासमोर बसवत नव्हतं. तिच्या लग्नाच्या सालचं कोतवाल बुक एक दिवस हाती लागलं. एका पानाच्या शेवटी चार ओळी कोऱ्या होत्या. त्या सालच्या मुन्शीचं अक्षर मला एव्हाना पाठ झालं होतं. टेबलावर दौत होती, टाकही होता. मोठे बाबू जेवायला गेले होते. मी टाक बुडवला आणि त्या कोऱ्या ओळींवर कितीतरी वेळ धरून बसलो. एक थेंब टेबलावर पडला. मग मला माझी नोकरी आठवली, आई आठवली, आणि कोतवाल बुकात असली नोंद कधी नसतेच, कोणीही पकडेल, हेही आठवलं. मी टाक पुसून ठेवला. मी घाबरट माणूस आहे. तेव्हाही होतो.

आई रोज विचारायची, "त्या बाईचं झालं काय?" आणि मी "चालू आहे" म्हणायचो. एकदा मी तिला विचारलं, मला परत घेतलं होतं का म्हणून. "घेतलं ना," आई म्हणाली, "त्याचं काय लेहून ठेवाचं? तू घरात होताच."

पावसाळा लागला. मधले दोन सोमवार ती आली नाही. मग आली तेव्हा तिची नखं चिखलानं काळी झालेली होती आणि पायांची बोटं पाण्यानं पांढरी पडली होती. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, चालली होती. मी न विचारताच तिनं सांगितलं. "भावाच्या रोवणीत जाऊन राहिली, रोजीनं. त्याच बांध्या जी. थो म्हन्ते, बाई, तुयाबिगर त्या बांधीतलं पानी कोनाले समजत नाई." घरात राहते का, विचारलं. कोठ्यात राहते, म्हणाली. ढोरांच्या बाजूला एक कोपरा दिला होता. हे सगळं ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. खबर देत होती, कोतवालासारखी.

त्या दिवशी मी ठरवलं की हिला आता फसवायचं नाही. कोरा कागद घेतला. तारीख घातली. तिच्या बापाचं नाव, गावाचं नाव, विवाहापूर्वी परत घेतल्याबाबत, असं सगळं रीतसर लिहिलं आणि खाली ते माझं जन्मभराचं वाक्य लिहिलं. सही केली. शिक्का मारला. तिच्या हातात दिला.

तिनं कागद आधीसारखाच कपाळाला लावला. मग म्हणाली, "काय लेहलं, वाचून तं दाखवा."

मी वाचून दाखवलं. "सदर नोंद आढळून येत नाही."

तिला 'सदर' समजलं नसेल, बाकीचं समजलं. तिनं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बाहेर तहसिलीच्या पायऱ्यांवर लोक पावसाच्या आडोशाला उभे होते.

"म्हंजे," ती म्हणाली, "मी अजून त्याइच्याच घरची काय जी?"

तिनं माझ्याकडे पाहत वाट पाहिली. शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत ती तिथंच उभी होती. उत्तर एका शब्दाचं होतं आणि तो शब्द मी साऱ्या नोकरीत दुसरं काही लिहिलं नाही इतका लिहिला होता. त्या बाईला तो एकदा म्हणून हवा होता, आणि माझ्यानं तिला 'नाही' म्हणवलं नाही.